वर अडकलेला माणूस

पवनऊर्जा प्रकल्पाचा आपत्कालीन आराखडा उघडला की बहुधा सुरुवातीच्या पानांतच दूरध्वनी क्रमांकांचा तक्ता भेटतो : पोलीस ठाणे, अग्निशमन केंद्र, ग्रामीण रुग्णालय, रुग्णवाहिका, तहसील कार्यालय. हा तक्ता हवाच. पण त्यामागे एक गृहीत असते, की संकट यंत्रात उद्भवेल आणि मदत बाहेरून येईल. वाऱ्यावर चालणाऱ्या यंत्रांचा गेल्या तीनशे वर्षांचा इतिहास या गृहीताच्या बाजूने साक्ष देत नाही. बाहेरची मदत पवनचक्कीपाशी पोचते तेव्हा बहुतेक वेळा व्हायचे ते होऊन गेलेले असते. जे वाचतात ते यंत्रात आधीपासून असलेल्या एखाद्या सोयीमुळे, किंवा शेजारी उभ्या असलेल्या माणसामुळे. जुन्या काळच्या चक्कीवाल्याला हे पक्के ठाऊक होते. पुढे यंत्र आपले आपण चालू लागले, माणूस त्यातून बाहेर पडला, आणि त्याच्याजवळचे हे ज्ञानही हरवले. ते परत मिळवताना माणसांचे जीव गेले. आराखडा लिहायला कुठून सुरुवात करावी, याचे उत्तर मला या इतिहासात दिसते. आणि साताऱ्याच्या सड्यांवर शेकडो पवनचक्क्या उभ्या केलेल्या महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही.

युरोपातली जुनी पवनचक्की लाकडाची असे. आत पिठाची धूळ, चरबी लावलेले आस आणि दात्यांचे एक प्रचंड चाक. त्या चाकाभोवती लाकडी ठोकळ्यांचा पट्टा आवळून चक्की थांबवायची. वारा बेभान असताना पट्टा आवळला आणि चाक थांबले नाही, तर लाकडावर लाकूड घासून ते तापे आणि चक्की पेटे. नोव्हेंबर १७०३ च्या अखेरीस दक्षिण इंग्लंडवरून जे महावादळ गेले, त्याचा वृत्तांत डॅनियल डिफोने पुढच्याच वर्षी ‘द स्टॉर्म’ या पुस्तकात दिला. चारशेहून अधिक पवनचक्क्या उलथल्या, मोडल्या किंवा पाती अनावर फिरल्याने आतली चाके तापून जळाल्या, अशी नोंद त्यात आहे. डिफोने ही माहिती ठिकठिकाणच्या लोकांकडून पत्रांनी मागवली होती, तेव्हा आकडा काटेकोर मानायचे कारण नाही. पण वादळात चक्की पडते तशीच पेटतेही, आणि ती पेटते थांबवण्याच्या धडपडीतून, हे तेव्हाच्या लोकांनी नेमके ओळखले होते.

म्हणून चक्कीवाल्याची सारी विद्या वादळ येण्याआधीच्या तासाभराची होती. ढग आणि वाऱ्याचा कल पाहून पात्यांवरचे कापड वेळेत गुंडाळायचे, चक्कीचे तोंड वाऱ्याकडे वळवायचे, पाती साखळदंडाने बांधायची. वारा पाठीमागून आला तर ब्रेक आणि आस दोन्ही निकामी ठरत आणि खांबावर उभी असलेली चक्की उलथूनही पडे. त्यामुळे तोंड वळवणे हे सर्वांत निकडीचे काम. इतके करूनही चक्की हाताबाहेर गेलीच, तर नवख्या माणसाचा हात ब्रेककडे जाई. जाणता चक्कीवाला जात्यात दाणे ओतत राही. दाण्यांचा भार असेपर्यंत दगड जरा तरी आवरतात. दाणे संपले की दगडावर दगड घासून ठिणग्या उडतात. हे सारे करायला माणूस चक्कीतच असावा लागे. हॉलंडमधल्या किंडरडाइकला पाणी उपसणाऱ्या ज्या चक्क्या आजही उभ्या आहेत, त्यांत चक्कीवाल्याचे बिऱ्हाड आतच राहत असे. मुले तिथेच वाढत, रात्री वारा फिरला की घरातल्या कुणाला तरी जाग येई. त्या काळी आपत्कालीन आराखडा कागदावर नव्हता, कारण ज्याच्यावर संकट यायचे तोच तो आराखडा जगत होता. डच लोकांनी ही विद्या पूर्ण मरू दिली नाही. १९७२ मध्ये तिथे स्वयंसेवी चक्कीवाल्यांचा संघ निघाला, आणि त्यांच्या शिक्षणात आजही आभाळ वाचण्याला मोठी जागा आहे. २०१७ मध्ये युनेस्कोने या कारागिरीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. वारसा म्हणून तिचा गौरव झाला हे चांगलेच. मला मात्र ती सुरक्षिततेची विद्या म्हणून अधिक मोलाची वाटते.

अठराव्या शतकापासून या विद्येचे एकेक कलम यंत्राच्या अंगात जाऊ लागले. १७४५ मध्ये एडमंड ली याने शेपटाकडच्या छोट्या पंख्याचे पेटंट घेतले. त्यामुळे चक्की आपले तोंड आपणच वाऱ्याकडे वळवू लागली. १८०७ मध्ये विल्यम क्युबिट याने झडपांची पाती आणली. चक्की न थांबवता, खालून साखळी ओढून त्यांची उघडमीट करता येई आणि झोत आला की त्या स्वतःच उघडत. वीज निर्माण करणाऱ्या यंत्रांच्या काळात डेन्मार्कच्या योहानेस यूलने हेच सूत्र पुढे नेले. १९५७ मध्ये गेडसर येथे उभारलेल्या त्याच्या २०० किलोवॅटच्या पवनचक्कीत वेग मर्यादेबाहेर गेला की पात्यांची टोके आपोआप आडवी वळत आणि हवाच ब्रेकचे काम करी. हुकूम लागत नव्हता, वीज लागत नव्हती, माणूस लागत नव्हता. संकटाचे उत्तर संकटाच्या जागीच ठेवायचे, ही समज इतक्या स्वच्छ रूपात क्वचितच दिसते. पण या प्रगतीची दुसरी बाजू त्या वेळी कुणी हिशेबात धरली नाही. यंत्राला वादळातून सोडवण्याची सोय होत गेली. यंत्रात अधूनमधून चढणाऱ्या माणसाला यंत्रापासून सोडवण्याची सोय मात्र झाली नाही. माणूस आता तिथला रहिवासी नव्हता, पाहुणा होता, आणि पाहुण्याचा विचार आराखड्यात नव्हता.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ग्रँडपाज नॉब नावाच्या डोंगरावर १९४१ मध्ये १,२५० किलोवॅटची पवनचक्की चालू झाली. तिचा व्यास सुमारे ५३ मीटर होता आणि जगात तोवर एवढे मोठे यंत्र कुणी उभे केले नव्हते. पात्याच्या मुळाशी कमजोरी आहे हे तज्ज्ञांना कळले होते, पण युद्धकाळात दुरुस्तीचे सामान मिळेना. २६ मार्च १९४५ च्या पहाटे सुमारे आठ टनांचे एक पाते तुटून डोंगरउतारावर दूर जाऊन पडले. त्या वेळी एक कर्मचारी वर, यंत्राच्या कोठडीतच कामावर होता. तोल गेलेल्या यंत्राच्या हादऱ्यांनी तो कोठडीतच फेकला गेला, तशा अवस्थेत नियंत्रणापर्यंत सरकत गेला आणि त्याने यंत्र थांबवले. तो वाचला. या प्रसंगाची आठवण पात्याच्या अपयशामुळे राहिली आहे. पुढे सारी चर्चा झाली ती धातूची आणि खर्चाची. एवढ्या उंचीवर एकटा माणूस रात्रपाळीला असावा का, तो जबर जखमी झाला असता तर त्याला खाली कुणी आणले असते, हे प्रश्न मागे पडले.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला करसवलतींच्या जोरावर कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँट, टेहाचापी आणि सान गोर्गोनियो या खिंडींत हजारो यंत्रे भराभर उभी राहिली. पुष्कळशी घाईत बनवलेली, काही धडपणे थांबवताही न येणारी. टेरी मेहरकॅम हा त्या काळातला धाडसी रचनाकार. स्वतःची मोठी यंत्रे स्वतः उभारणारा. १९८१ मध्ये अनावर झालेले आपलेच यंत्र आवरायला तो वर चढला आणि प्राणाला मुकला. १७०३ च्या चक्कीवाल्याने जे धाडस केले असते तेच त्याने केले. फरक असा की चक्कीवाल्याजवळ वादळाआधीचा एक तास होता आणि पिढ्यांनी शिकवलेले नियम होते. मेहरकॅमजवळ यातले काहीच नव्हते. डेन्मार्कमध्ये त्याच सुमारास वेगळे घडत होते. १९७८ मध्ये पवनचक्की-मालकांनी आपली संघटना काढली आणि कोणाचे यंत्र कुठे, कशाने मोडले याची माहिती ते आपल्या नियतकालिकात उघडपणे छापू लागले. त्याच वर्षी रीसो येथे चाचणी केंद्र सुरू झाले, आणि अनुदान हवे असेल तर यंत्रात एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक हवेत, असा आग्रह तिथून धरला गेला. पवनचक्क्यांच्या सुरक्षिततेचा खरा पाया मला इथे दिसतो. नवे तंत्र ही त्यातली गौण बाब होती. मालकांनी आपापले अपघात लपवले नाहीत, हे मुख्य.

तरीही दोन ब्रेक हा यंत्राचा बचाव झाला. फेब्रुवारी २००८ मध्ये डेन्मार्कच्याच हॉर्नस्लेट गावाजवळ वादळात एका पवनचक्कीचे ब्रेक निकामी झाले. पाती बेफाम फिरून तिच्या ठिकऱ्या उडाल्या आणि ते दृश्य जगभर पाहिले गेले. आजूबाजूचा परिसर आधीच मोकळा केलेला असल्याने कुणाला इजा झाली नाही. इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे : सुटलेल्या यंत्रावर चढायचे नाही आणि लोकांना दूर ठेवायचे, हा निर्णय त्या दिवशी योग्य ठरला. मेहरकॅमच्या मृत्यूपासून तिथवरच्या सत्तावीस वर्षांत धंदा एवढे नक्की शिकला होता. पण जो माणूस आधीच वर आहे, त्याचे काय, हा प्रश्न अजून उरला होता.

तो प्रश्न २९ ऑक्टोबर २०१३ रोजी हॉलंडमधल्या ओल्टखेन्सप्लाट येथे अंगावर आला. सुमारे ६७ मीटर उंचीच्या पवनचक्कीत चौघे तंत्रज्ञ देखभालीला चढले होते. वरच्या कोठडीत, म्हणजे धंद्यातली माणसे जिला नॅसेल म्हणतात तिथे, आग लागली. दोघे आतल्या वाटेने खाली निसटले. उरलेले दोघे, एक एकोणीस वर्षांचा आणि एक एकवीस वर्षांचा, आगीच्या दुसऱ्या बाजूला अडकले. दोघेही गेले. अग्निशमन दल पोचले होते. पण खालून त्या उंचीवर पाणी पोचत नव्हते, शिडी पोचत नव्हती. उंचीवर काम करणारे खास पथक वर चढू शकले तेव्हा वाचवण्यासारखे कुणी उरले नव्हते. हॉलंड हा दाट वस्तीचा, उत्तम रस्त्यांचा, सुसज्ज अग्निशमन दलांचा सपाट देश. बाहेरच्या मदतीवर विसंबायला याहून अनुकूल जागा जगात फारशा नसतील. तिथेही ती मदत तळाशी उभी राहिली. या घटनेचे वजन माझ्या मते इथे आहे. नॅसेलमध्ये गिअरबॉक्सचे शेकडो लिटर तेल असते, विजेची जोडणी असते, भोवती काचतंतूचे आवरण असते. तिथे आग मोठी व्हायला मिनिटे पुरतात. अग्निशमन दलाच्या नेहमीच्या शिडीचा पल्ला तीस मीटरच्या आसपास असतो. तीस आणि सदुसष्ट या दोन आकड्यांमधली दरी जास्त बंब घेऊन भरून निघत नाही.

मृत्यू झाले आणि मग नियम आले, इतका सरळ हा क्रम नव्हता, हेही सांगितले पाहिजे. यंत्र बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या कंपन्यांनी मिळून २०१२ मध्येच ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन ही संस्था काढली होती आणि मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणाचा एक समान नमुना ठरवला होता : प्रथमोपचार, वजन हाताळणे, आगीची ओळख, उंचीवरचे काम आणि समुद्रात काम असेल तर जीव तगवण्याचे शिक्षण. त्याची उजळणी दर दोन वर्षांनी करावी लागते. पुढे काही वर्षांनी बचावाचे प्रगत शिक्षण वेगळे आखले गेले. पात्याच्या पोकळीत किंवा पाती जिथे जोडलेली असतात त्या हबमध्ये बेशुद्ध पडलेल्या सहकाऱ्याला बाहेर कसे काढायचे, हे त्यात दोरांसह शिकवतात. या अभ्यासक्रमाचा गाभा पाहिला तर दिसते की चक्कीवाला पुन्हा चक्कीत आला आहे. पहिला मदतनीस म्हणजे शेजारी काम करणारा जोडीदार, हे इथे लिखित रूपात मान्य झाले. उतरण्याचे यंत्र वर तयार असते. नॅसेलच्या मागच्या झडपेतून दोराला लटकून माणूस ठरावीक गतीने, सेकंदाला साधारण मीटरभर, खाली येतो. ऐंशी मीटर उतरायला दीड मिनिट पुरते. आगीला लागणाऱ्या वेळाशी स्पर्धा करू शकणारा हा एकच उपाय आहे. पण उपकरण आगीच्या पलीकडे राहिले तर तोही कामाचा नाही, म्हणून ते कुठे ठेवले आहे हा आराखड्यातला क्षुल्लक तपशील समजता येत नाही. हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकलेल्या माणसाचेही तसेच. त्याला त्वरेने खाली घ्यावे लागते. खाली घेतल्यावर आडवे करू नये, असा समज बरीच वर्षे पसरलेला होता. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाने २००९ मध्ये पुरावे तपासले आणि त्याला आधार नसल्याचे सांगितले. आता नेहमीसारखाच प्रथमोपचार करायला सांगतात. नियमपुस्तिकेतले एक चुकीचे वाक्यही माणसाच्या जिवावर बेतू शकते.

या साऱ्यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते हलके नाहीत. पहिला असा की पवनऊर्जेत माणसे फार कमी मरतात. कोळशाच्या खाणी आणि धूर यांच्याशी तुलना केली तर हा धंदा सुरक्षित आहे. हे खरे आहे आणि मला ते मान्य आहे. २०१४ मध्ये इंपीरियल कॉलेजसह काही संस्थांच्या संशोधकांनी, पवनचक्क्यांना लागणाऱ्या आगी जाहीर होतात त्याच्या दसपट असाव्यात, असा अंदाज मांडला तेव्हा उद्योगाने तो मान्य केला नाही. तो वाद बाजूला ठेवला तरी चालेल. कारण घटना दुर्मीळ असणे हे आराखडा सैल ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट जी घटना दहा वर्षांत एखाद्या वेळी घडते, तिच्यासाठी कुणाच्याच हाताला सवय नसते. तालुक्याच्या अग्निशमन केंद्रातल्या जवानाने पवनचक्कीचे दार आतून पाहिलेले नसते. सवय सरावातूनच येणार. दुसरा आक्षेप, नॅसेलमध्ये आपोआप आग विझवणारी यंत्रणा बसवली की प्रश्न मिटतो. ती बसवावीच. पण कार्बन डायऑक्साइडसारखा वायू सोडणारी यंत्रणा माणूस आत असताना बंद ठेवावी लागते, नाहीतर वायूच त्याचा जीव घेईल. म्हणजे माणूस वर असेल नेमक्या त्याच वेळी ही सोय नसते. ती यंत्राचीच राखण करते. तिसरा आक्षेप नव्या काळाचा : ड्रोन आणि दूरनियंत्रण आले, आता कुणाला वर चढावेच लागणार नाही. पात्यांची पाहणी ड्रोनने होऊ लागली आहे हे खरे. पण बोल्ट आवळणे, तेल बदलणे, केबल जोडणे ही कामे माणसाचीच आहेत. चढणे जितके कमी होईल तितका चढणारा त्या जागेला नवखा राहील, आणि अठराव्या शतकापासून झालेली चूक आपण पुन्हा करू.

समुद्रातल्या पवनचक्क्यांनी ही गोष्ट जमिनीवरच्यांपेक्षा लवकर ओळखली, कारण तिथे बंब बोलावण्याचा भ्रम शक्यच नव्हता. १९९१ मध्ये डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ विंडेबी येथे अकरा यंत्रांचा पहिला सागरी प्रकल्प झाला. २००२ च्या हॉर्न्स रेव्ह प्रकल्पात ऐंशी यंत्रे होती आणि नॅसेलवर हेलिकॉप्टरमधून माणूस उतरवण्याची जागा रचनेतच धरलेली होती. ब्रिटनने वेल्सच्या किनाऱ्यासमोरच्या नॉर्थ हॉइल प्रकल्पात २००५ मध्ये बचाव हेलिकॉप्टर प्रत्यक्ष उडवून पाहिले. पाती थांबवून ठरावीक स्थितीत ठेवणे, प्रत्येक यंत्रावर हवेतून वाचता येईल असा क्रमांक, ओळींमधून उडायला मोकळी वाट, नियंत्रण कक्षाला चोवीस तास उत्तर देण्याची सक्ती, अशा गोष्टी तिथल्या तटरक्षक यंत्रणेच्या अपेक्षांत आल्या. यामागे एक जुनी जखम होती. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर स्फोट होऊन १६७ माणसे गेली. त्यांतले पुष्कळजण राहण्याच्या कक्षात, हेलिकॉप्टर येईल या सूचनेवर विसंबून वाट पाहत धुराने गुदमरले; जे सूचना मोडून खाली उतरले किंवा ज्यांनी समुद्रात उड्या टाकल्या, त्यांतले बरेच वाचले. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये आला आणि ब्रिटिश समुद्रातला सुरक्षाविचार त्यातून मुळापासून बदलला. वाट पाहणे हाच आराखडा असेल तर तो आराखडा नव्हे, हे तिथे फार मोठी किंमत देऊन कळले.

भारतात आपत्कालीन आराखड्याचा उगम वेगळा आहे, आणि आपल्या अडचणीचे मूळ मला तिथे दिसते. डिसेंबर १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखान्याने आवारातला आपत्कालीन आराखडा करावा आणि तो कामगारांना व आसपासच्या रहिवाशांना कळवावा, असे बंधन आले. आपल्याकडच्या बहुतेक आराखड्यांचा साचा तिथून आलेला आहे : भोंगा, जमण्याची जागा, फाटक, परिसर रिकामा करणे, बाहेरच्या यंत्रणांना कळवणे. रासायनिक कारखान्याला तो साचा योग्यच, कारण तिथले संकट आतून बाहेर पसरते. पवनचक्कीतले संकट उलट आहे. ते एका छोट्या खोलीत कोंडलेले असते, तिची एकुलती वाट धुराने भरलेली असते, आणि धोक्यात असलेली माणसे दोन किंवा तीन असतात. जमण्याची जागा खाली आखून त्यांना काही उपयोग नाही. त्यांना तिथवर आणायचे कसे, एवढाच प्रश्न आहे. साचा उसना घेतला की नेमका तोच प्रश्न रकान्याबाहेर राहतो.

आणि जागा तर आपल्या आणखी अवघड आहेत. महाराष्ट्रातली पवनऊर्जा १९८६ मध्ये देवगडला ५५ किलोवॅटच्या छोट्या यंत्रांनी सुरू झाली. पुढे पाटण तालुक्यात, कोयनेच्या जलाशयावरच्या वनकुसवड्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून अधिक उंचीवर ३५० किलोवॅटची शेकडो यंत्रे उभी राहिली. चाळकेवाडीच्या बाजूलाही तसेच. तिथे वाऱ्याचे दिवस म्हणजे जून ते सप्टेंबर, आणि तेच धुक्याचे, कोसळत्या पावसाचे, घाटात दरडी येण्याचे दिवस. सर्वांत जास्त वीज ज्या महिन्यांत, त्याच महिन्यांत १०८ ची रुग्णवाहिका सड्यावर चढायला सर्वांत जास्त वेळ. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्या खोऱ्याने सोसला तेच हे खोरे, हेही विसरून चालणार नाही. शेकडो एकसारख्या यंत्रांतले नेमके कोणते जळते आहे हे फोनवर सांगता यावे, म्हणून जर्मनीत खांबाच्या तळाशी मोठा क्रमांक लावतात आणि तो बचाव यंत्रणांच्या नोंदीत असतो. सड्यावर गुरे घेऊन गेलेला गुराखी पहिला साक्षीदार असण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा आपल्याकडे तो क्रमांक मराठीत, दुरून वाचता येईल असा हवा. जळते तेल आणि पात्याचे तुकडे किती दूर येतात हेही त्याला आधी सांगितलेले हवे.

किनाऱ्यावरच्या चक्रीवादळांच्या बाबतीतही इतिहास जुनीच गोष्ट सांगतो. ११ सप्टेंबर २००३ रोजी माएमी हे वादळ जपानच्या मियाको बेटावरून गेले. वाऱ्याचा झोत सेकंदाला ७४ मीटरपर्यंत पोचला आणि तिथल्या पवनचक्क्यांपैकी तीन कोसळल्या. जून १९९८ च्या चक्रीवादळात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या यंत्रांचेही नुकसान झाले. अशा वादळात आधी वीजवाहिनी पडते, मग यंत्राचे तोंड फिरवणारी मोटर थांबते, आणि वाऱ्याची दिशा बदलली की झोत कुशीतून किंवा पाठीमागून येतो. एडमंड लीच्या पंख्याने १७४५ मध्ये सोडवलेला प्रश्न, यंत्र वीजजाळ्यावर अवलंबून राहिल्याने परत उभा राहिला. किनाऱ्यावर यंत्र लावायचे तर तोंड फिरवण्यापुरती वीज त्याच्याच पोटात साठवलेली हवी.

सह्याद्रीत दोरावरची विद्या नाही असे मात्र नाही. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली तेव्हा खोल दरीत उतरून मृतदेह वर आणण्याच्या कामात महाबळेश्वरच्या ट्रेकर्सनी मोठा वाटा उचलला. भर पावसात, निसरड्या कातळावर. सातारा जिल्ह्यात असे कसलेले हात असताना पवनचक्क्यांच्या आराखड्यात त्यांना जागा नसणे हा मोठा तोटा आहे. त्यांना यंत्राच्या आतली रचना दाखवावी, वर्षातून एकदा तंत्रज्ञांबरोबर चढवावे. पण त्यांच्याकडूनही जोडीदाराची जागा भरून निघणार नाही. पायथ्याच्या गावातून सड्यावर यायला त्यांनाही तास लागेल, आणि आगीचा हिशेब मिनिटांचा आहे. ते लागतील मोडलेल्या पायाच्या, पात्यात अडकलेल्या, उतरवायला चार हात कमी पडणाऱ्या माणसासाठी. कोणते काम जोडीदाराचे, कोणते ट्रेकर्सचे आणि कोणते अग्निशमन दलाचे, ही वाटणी आराखड्यात स्पष्ट हवी.

जुनी छोटी यंत्रे काढून त्या जागी मोठी बसवण्याचे राष्ट्रीय धोरण २०१६ मध्ये आले आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते सुधारले गेले. उत्तम वाऱ्याच्या जागा आधीच्या छोट्या यंत्रांनी अडवल्या आहेत, म्हणून धोरण योग्यच आहे, आणि साताऱ्याची पठारे त्यात येणार. यंत्रे मोठी होतील म्हणजे खांब उंच होतील, पाती लांब होतील, आणि वरून खाली येण्याचे अंतर वाढेल. नव्या यंत्राला मंजुरी देताना जमीन, वीजजोडणी आणि आवाज तपासला जातो. त्याच वेळी आणखी एक गोष्ट बघून घ्यावी. जुलैच्या धुक्यात, खालून कुणीही मदत न करता, दोघा तंत्रज्ञांनी बेशुद्ध धरलेल्या तिसऱ्याला नॅसेलमधून जमिनीवर आणून दाखवावे, त्याला लागलेला वेळ तहसीलदारांसमोर नोंदवावा, आणि प्रत्येक अपघाताबरोबर तो आकडाही दरवर्षी प्रसिद्ध करावा, डेन्मार्कच्या मालकांनी १९७८ पासून आपले अपघात छापले तसा. सराव जमला नाही तर यंत्र चालू करण्याची तारीख पुढे जाईल. खर्चाचा आक्षेप इथे फारसा टिकत नाही, कारण लागणारी साधने यंत्राच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहेत. लागतो तो दरवर्षीचा एक पावसाळी दिवस, आणि वाऱ्याच्या हंगामात तो एक दिवस यंत्र बंद ठेवण्याची मालकाची तयारी.